नानांची पंधरा मिनिटं

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ही वही. फोनमध्ये कॅलेंडर आहे, कामांची यादी आहे, याद्यांचीही एक यादी आहे. पण जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते डोक्यात दिवसभर किटकिट करत राहतं. म्हणून रोज दहा मिनिटं, कागदावर, कुणालाही न दाखवता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आता स्वतःशी बोलायलाही तू वेळ ठरवून घेतलीस!" आणि हसला. मी नाही हसले, कारण खरंच घेतली आहे. सकाळी सहा चाळीस ते सहा पन्नास.

आधी कोण कुठे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना माझाच गोंधळ नको. आम्ही बूट करतो. दुकानातला कुठलाच बूट ज्यांना नीट होत नाही त्यांच्यासाठी. कुणाचा एक पाय जरासा आखूड, कुणाची टाच तिरकी, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. बाबांनी काम सुरू केलं तेव्हा माणसं आमच्या दारात यायची. पुढे बाबा मापं घ्यायला बाहेर जायला लागले, आता मी सात शहरांतल्या दवाखान्यांत जाऊन मापं घेते आणि बूट इथे कार्यशाळेत होतात. कार्यशाळेत सहा जण. सगळ्यात जुने नाना. एकतीस वर्षं झाली. बाबांच्या शेजारी त्यांचं स्टूल होतं, अजून त्याच स्टुलावर बसतात.

बाबा माप घ्यायचे जाड खाकी कागदावर. माणसाला कागदावर उभं करायचं, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची, आणि मग त्यावर नाव, काम, काय दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं लिहीत बसायचं. एकेक कागद म्हणजे एकेक पत्रच. असले चाळीस कागद घेऊन विमानात चढून दाखवा म्हणावं! मी ट्रेसिंग पेपर आणला. पातळ, हलका, गुंडाळी करून नळीत बसतो. लिखापढी नाही. ज्या पायाला आतून उंची द्यायची त्याच्या शेजारी फक्त रंगाचा ठिपका. हिरवा म्हणजे पाच मिलिमीटर, लाल म्हणजे आठ, निळा म्हणजे बारा. कोडचे स्टिकर हॉटेलवर गेल्यावर सगळे एका दमात लावते. ज्या बाजूला स्टिकर ती कागदाची सरळ बाजू, असा कार्यशाळेत नियम केला आहे. एका माणसामागे नऊ मिनिटं वाचली.

उद्या पहाटेची गाडी. बॅग भरलेली आहे. ती नेहमीच भरलेली असते.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोन शहरं, एकोणीस जण. ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी संपलं.

शेवटच्या काहींमध्ये एक बाई होत्या. घरोघरी फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतात. रोज अडीचशे घरं, आणि निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही. डावा पाय आठ मिलिमीटर आखूड, त्यामुळे कंबर कामातून गेलेली. असे बूट पहिल्यांदाच करून घेतायत. कागदावर उभ्या राहिल्या राहिल्या बोलायला लागल्या: कुठला जिना कसा, कुठली पायरी तुटलेली, उतरताना काय होतं. मी हं हं करत पुढच्या माणसाचा कागद कापून ठेवला. दोन कामं एका वेळी.

हॉटेलवर एक युक्ती सापडली. नळीतून काढलेले कागद टेबलावर ठेवले की कडा गुंडाळून वर येतात, स्टिकर लावू देत नाहीत. आठ कागदांशी झटापट केल्यावर सुचलं: पालथे घातले की गप बसतात. उरलेले अकरा चार मिनिटांत झाले. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, कोण जाणे.

७ सप्टेंबर, रविवार

घरी. सुट्टी. सकाळी फ्रिज आवरला, मग औषधांचा डबा, मग सगळ्या घराच्या चाव्यांना चिठ्ठ्या लावल्या.

नवरा म्हणाला, "अगं, बस ना जरा."

"बसलेय की."

"उभी आहेस तू."

खरंच उभी होते. हातात त्याच्या मोज्यांचा खण होता. खण परत जागेवर सरकवला आणि बसले. बसल्याबरोबर वाटायला लागलं की कुठेतरी एखादा नळ चालू राहिलाय आणि मला तो आठवत नाहीये. अकरा मिनिटं बसले. मग फोन आला, बरं वाटलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज कार्यशाळेत घड्याळ लावून बसले. बूट कुठे अडकतात ते शोधायचं होतं. अडकतात नानांपाशी.

कागद कटरकडे, म्हणजे चामडं कापणाऱ्याकडे, जायच्या आधी नानांकडे जातो. का, तर बाबांच्या वेळेपासून जातो. नाना तो उजेडाकडे धरतात, पालथा करतात, परत सरळ करतात, पेन्सिलच्या रेघेवर अंगठा घासतात, अंगठा बघतात. एका कागदाला बारा मिनिटं! आज तर ढिगातल्या वरच्या दोन कागदांवरचे माझे स्टिकर नखाने सोडवून पलीकडच्या बाजूला लावले. बसल्या बसल्या चाळा. मला म्हणाले, "ताई, जरा हे कागद..." तेवढ्यात मोठ्या हॉस्पिटलचा फोन आला. ते त्यांच्याकडचे पायाचे सगळे पेशंट आमच्याकडे पाठवायच्या विचारात आहेत. आमच्यासाठी ही उडी फार मोठी आहे, आणि मी महिनाभर त्यांच्या मागे आहे. फोन चाळीस मिनिटं चालला.

संध्याकाळी नानांचा टप्पाच काढून टाकला. कागद आता थेट कटरकडे जाईल. नानांना शेवटच्या फिनिशिंगला खिडकीपाशी बसवलं. उजेड चांगला, मान मोडायला नको. त्यांच्याच सोयीचं आहे.

नाना स्टूल उचलून खिडकीपाशी घेऊन गेले. मग परत आले. "ताई, पंधरा मिनिटं द्याल का मला? कागदाबद्दल बोलायचं होतं."

म्हणजे परत खाकी कागदाचं पुराण. म्हटलं, "नाना, कॅलेंडरवर टाका ना. असं उभ्या उभ्या नको."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नानांना कॅलेंडर जमेना. शेवटी कटरने टाकून दिलं: "नाना, १५ मि." सोमवारी साडेचार. सोमवारी मी विमानात असणार. पुढच्या सोमवारी ढकललं. पगारवाढीचं असेल तर हॉस्पिटलचं नक्की होईपर्यंत बोलून उपयोग नाही. त्यांना मिळायला हवी, हेही खरं.

१७ सप्टेंबर, बुधवार

विमानतळ. नानांचा फोन. नाना कधी फोन करत नाहीत. आवाजात सुद्धा फोन कानापासून लांब धरल्याचं कळतं.

"ताई, ते एकोणीस कागद मला एकदा बघू द्या. सरळ-पालथं..."

"नाना, विमानात चढतेय. कटिंग झालं सुद्धा त्यांचं. आल्यावर बोलू, नक्की."

"मग फिटिंगच्या वेळी तरी..."

फोन बंद करायला लावला. जागेवर बसल्यावर आठवलं की फिटिंगची फेरीच मी या वेळेपासून रद्द केली आहे, हे नानांना कुणी सांगितलेलं नाही. बाबा बूट घेऊन स्वतः जायचे, माणसाला चालवायचे, मग बूट द्यायचे. सात शहरांत ते कसं जमायचं? आता कुरिअर. नानांना सांगायचं, असं यादीत टाकलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

नानांची पंधरा मिनिटं हॉस्पिटलच्या मीटिंगमुळे ६ ऑक्टोबरवर नेली. ती पक्की. लाल रंग दिलाय.

२४ सप्टेंबर, बुधवार

एकोणीसच्या एकोणीस जोड कुरिअरने गेले. तारखेच्या तीन दिवस आधी! गेल्या वर्षी याच कामाला सात आठवडे लागले होते. सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. नानांनी खाल्लं नाही, दातांचं कारण सांगितलं. खोकी बांधली जात होती तेव्हा ते मध्येच उठून आले आणि एका खोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"चालवून न बघताच द्यायचे?"

"नाना, सात शहरं आहेत."

"हो. तेही आहेच," म्हणाले आणि हात काढला.

घरी येऊन नवऱ्याला आकडे सांगितले. तो म्हणाला, "छान. आणि तू कशी आहेस?" प्रश्नच आकड्यांना धरून नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार

तक्रारींची उत्तरं लिहिण्यात रोज तास जायचा. आज आठ ठरावीक उत्तरं तयार करून फोनमध्ये ठेवली. क्रमांक चार सगळ्यात जास्त लागतं: "नवीन बुटांची शरीराला सवय व्हायला चौदा दिवस लागतात. या काळात थोडं अवघडल्यासारखं होणं स्वाभाविक आहे. कृपया बूट रोज घाला, मध्ये खंड पडू देऊ नका." सभ्य आहे, बरोबरही आहे. आज तीन जणांना चार नंबर पाठवला. एका शाळकरी मुलाची आई, एक निवृत्त शिक्षक, आणि त्या मीटरवाल्या बाई. तिघांचं तेच, तिरकं चालल्यासारखं वाटतं म्हणून. तासाचं काम दीड मिनिटात.

६ ऑक्टोबर, सोमवार

साडेचारला नाना दारात आले. स्वच्छ शर्ट घातला होता. नेमकी मी हॉस्पिटलशी बोलत होते, करार शेवटच्या टप्प्यात आहे, त्यांना थांबा म्हणणार कशी? नानांना पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. ते बाहेर बाकावर बसले. फोन संपला तेव्हा पावणेसहा झाले होते. बाक रिकामा होता.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नाना आले नाहीत. कटर म्हणाला, "काल जाताना हत्यारं पुसून ठेवली त्यांनी. म्हणाले, आता पुरे." एकतीस वर्षं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं अशी तोंडघशी पाडतात आणि वर आपल्यालाच अपराधी वाटतं. फोन केला नाही. शनिवारी करीन, शनिवारी अर्धा तास मोकळा आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शनिवारी फोन राहिला.

आज सकाळी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टचा फोन. तिचा आवाज नेहमी गोड असतो, आज नव्हता. मीटरवाल्या बाई काल तिसऱ्या मजल्यावरून उतरताना पडल्या. घोटा मुरगळलाय. हाड वाचलं. तिने त्यांचे बूट तपासले, आतलं अस्तर उचकटून बघितलं. आठ मिलिमीटरची उंची उजव्या बुटात आहे. उजव्या! लांब पाय आणखी लांब केला आम्ही. "मी त्या शाळकरी मुलाचेही बूट उघडले," ती म्हणाली, "तेही तसेच. तुम्ही तिकडे करता तरी काय?"

मी म्हटलं, बघून सांगते. कॅलेंडर उघडलं आणि नुसतीच बघत बसले, आता यात हे कुठे टाकायचं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर शोधलं. कटरचं काम कागदाबरहुकूम आहे. शिलाई बरोबर. मग शेवटी हात कुणाचा लागतो? फिनिशिंगचा. नानांनी अस्तर बसवताना डावं-उजवं केलं असणार. वय झालंय, त्यात मनही कामावर नव्हतं. आणि म्हणूनच न सांगता गेले. सगळं जुळतंय. उद्या मुलाचा कागद आणि फिजिओथेरपिस्टने रातोरात पाठवलेले त्याचे बूट घेऊन नानांच्या घरी जाते आणि समोर ठेवते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज दहा मिनिटांत आवरणार नाही.

नाना बाहेरच्या खोलीत शेजारणीच्या पिशवीची चेन शिवत होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. काकू, नानांची बायको, आत स्वयंपाकघरात होत्या. मी बसले नाही. शाळकरी मुलाचे बूट आणि त्याचा कागद समोर ठेवला. "नाना, हे डावं-उजवं कसं झालं?" 'तुमच्याकडून' हा शब्द मी गिळला, पण तो त्यांना ऐकू आला असणार.

त्यांनी बुटांना हात लावला नाही. कागद घेतला, स्टिकर वर होता तसाच मांडीवर पसरला आणि रेघेवर अंगठा घासला. अंगठा मला दाखवला. स्वच्छ. मग कागद पालथा केला आणि त्या बाजूने घासला. अंगठा काळा झाला.

"शिसं या बाजूला आहे ताई. म्हणजे पोरगं या बाजूला उभं होतं. तुमचा स्टिकर पाठीवर लागलाय. कागद पातळ, रेघ दोन्हीकडून दिसते, ठिपका दोन्हीकडून दिसतो. पालथा धरला की डाव्याचा उजवा होतो."

मला हॉटेलचं ते टेबल दिसलं. मला सुचलेली युक्ती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते आज कळलं. आता बसले.

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी ओरडलेच.

नाना चेन शिवायला लागले. उत्तर आतून काकूंनी दिलं. "सांगणार कधी? रोज जेवताना मला सांगायचे. कागद कसा बघायचा ते मला सुद्धा पाठ झालंय. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं."

मी रडले. नानांच्या घरात, शेजारणीच्या पिशवीशेजारी बसून. नानांनी पाणी आणलं. म्हणाले, "त्या दोन कागदांवर मी स्टिकर बदलले होते. त्या दोघांचे ठीक असतील." म्हणजे अकरातले नऊ चुकले. नऊ माणसं तीन आठवडे वाकडी चालतायत, आणि त्यांतल्या तिघांना मी स्वतः कळवलंय की कृपया खंड पडू देऊ नका.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नऊजणांना फोन केले. ठरावीक उत्तर नाही, तोंडाने सांगितलं: चूक माझी आहे, बूट घालू नका. शिक्षक म्हणाले, "मला वाटलं माझंच चालायचं चुकतंय." मुलाच्या आईने फोन आपटला. मीटरवाल्या बाईंचा फोन त्यांच्या बहिणीने घेतला आणि म्हणाली, "एकतीस तारखेला तिला साहेबांना सगळी लाइन, म्हणजे रीडिंगच्या सगळ्या इमारती, पायी फिरून दाखवायची आहे. नाही जमलं तर लाइन दुसऱ्या कुणाला जाणार. चौदा वर्षांची लाइन आहे तिची." एवढंच. मग फोन ठेवला.

मग हॉस्पिटललाही मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. पलीकडून एवढंच, "सध्या थांबू या." दोन महिन्यांचं धावणं तीन शब्दांत आटोपलं. जेवढं दुखायला हवं होतं तेवढं दुखलं नाही.

दुपारी परत नानांकडे. म्हटलं, "नव्याने मापं घ्यायला हवीत. तुम्ही याल का माझ्याबरोबर?" नाना एकतीस वर्षांत कधी मापाच्या फेरीला आलेले नाहीत. बाबा एकटे जायचे, मग मी एकटी. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "या जाऊन," म्हणाल्या, "इथे बसून माझं डोकं खाण्यापेक्षा."

मी लगेच फोनवर मार्ग काढला. नऊ जण, दोन शहरं, तीन दिवस, एक तास वाया नाही. नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"पडलेल्या बाई कुठे आहेत यात?"

"शेवटी. दुसऱ्या शहरात. आधी तिकडे गेलो तर गाडीचा सगळा दिवस फुकट जातो."

"मग जाऊ दे की फुकट."

मी वाद घातला. समजावलं की नऊच्या नऊ जण तितकेच महत्त्वाचे आहेत, हिशेबाने गेलं तर सगळ्यांचं लवकर होईल. नाना हो हो म्हणत राहिले. घरी आले, जेवले, भांडी लावली, आणि तिकिटं बदलली. अजून पटलेलं नाही, पण बदलली.

१९ ऑक्टोबर, रविवार

मीटरवाल्या बाई बहिणीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर आहेत. घोट्याला पट्टी, पाय उशीवर. मी दारातच माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं.

"आधी इकडे या, दाखवते."

फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. माझं चार नंबरचं उत्तर, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, मोठं मोठं उतरवलेलं. त्याखाली एक ते चौदा आकडे. एक ते अकरा खोडलेले. "रोज संध्याकाळी एक खोडत होते," त्या म्हणाल्या. "कंबर मोडायची, पण म्हटलं एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय, चारच दिवस राहिले, तीनच दिवस राहिले. बाराव्या दिवशी पडले. मॅडम, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं बूट उलटे आहेत. माझा पाय मला नाही कळणार? पण तुम्ही लिहिलंत सवय होईल म्हणून."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

नानांनी पिशवीतून खाकी कागद काढला. कुठून आणला देव जाणे, बाबांच्या वेळचा असावा. पण अंथरला नाही. आधी दोन खुर्च्यांच्या पाठी धरून त्यांना उभं केलं, जमेल तेवढी चार पावलं टाकायला लावली, आणि जमिनीवर मांडी घालून बघत बसले. "जिना उतरताना आधी कुठला पाय टाकता?" "डावा." "आणि बॅग कुठल्या खांद्याला?" "उजव्या." "रीडिंगचं मशीन कुठल्या हातात?" असं तासभर. मी भिंतीशी उभी. काही करायला नव्हतं. दोनदा फोन वाजला, बंद केला. या बाईंनी हे सगळं मला त्या दिवशी सांगायचा प्रयत्न केला होता, आणि मी पुढचा कागद कापत होते.

शेवटी नानांनी कागद अंथरला, पायांभोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "लिहा ताई." मी खाली बसले आणि बाईंच्या पायांच्या रेघांशेजारी सगळं लिहिलं. नाव सुद्धा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाकीच्या आठजणांची मापं झाली. मुलाच्या आईने दार उघडलं आणि आत निघून गेली. मुलगा मात्र नानांशी तासभर गप्पा मारत होता. तीन दिवसांचं काम पाच दिवसांत झालं. गाडीत नाना झोपतात आणि मी खिडकीतून बघते. अजूनही तो नळ चालू राहिल्यासारखं वाटतं. हे जाणार नाही बहुतेक. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "नाही गेलं तर नाही. फक्त मला सांगत जा." तेवढ्याने सुद्धा रडू आलं. हल्ली फार येतं.

मीटरवाल्या बाईंचा जोड नाना आधी करतायत. कापण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं स्वतः. मी शेजारच्या स्टुलावर बसून दोरा ओवून देते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल बूट देऊन खोलीत चालवून पाहिलं होतं. पण खोलीत कोण पडतं? खरी परीक्षा आज.

सकाळी आठला त्यांचे साहेब गल्लीच्या तोंडाशी उभे होते, हातात वही. मला वाटलं होतं कुणीतरी खडूस असेल. साधा दमलेला माणूस होता. म्हणाला, "मला वरून विचारतात हो. मी काय करू?" बाईंनी मशीन घेतलं, बॅग खांद्याला लावली आणि निघाल्या. साहेब त्यांच्या मागे, नाना मागे, मी सगळ्यांच्या मागे.

अकरा इमारती. पहिल्या तीन मी श्वास धरून चढले. नाना जिन्याच्या तळाशी उभे राहून नुसत्या टाचांचा आवाज ऐकायचे. चौथ्या इमारतीला वरून बाईंचा आवाज आला, कुणाशी तरी हसून बोलत होत्या. "अगं बाई, बरी झालीस का!" असं एक म्हातारी म्हणत होती. सातव्या इमारतीनंतर मला धाप लागली. त्या थांबल्या नाहीत. नवव्या इमारतीला मी खालीच बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की निघाल्यापासून मी घड्याळ पाहिलेलं नाही.

अकराव्या इमारतीतून त्या साडेबाराला खाली आल्या. चेहरा घामाने भिजलेला, घोटा थोडा सुजलेला. साहेबांनी वही मिटली. "सोमवारपासून या," म्हणाले. "लाइन तुमचीच." आणि चहाचं विचारून निघून गेले. नानांनी टोपी काढून डोकं पुसलं. मला वाटलं बाई रडतील, निदान बसतील. त्या तशाच उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

"मॅडम, डाव्या करंगळीला लागतंय थोडं."

नानांनी पिशवीची चेन उघडली. मी म्हटलं, "थांबा नाना, मी बघते." बाईंना पायरीवर बसवलं, मी खालच्या पायरीवर बसले आणि बूट काढला. मोज्यावरून हात लावला तरी करंगळीला दुखत होतं. बुटात हात घातला, शिवणीचा एक टाका जरा वर आला होता, बोटाला लागला. नानांनी हातोडी दिली, मी तो दाबून बसवला, पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा दाबला.

"कधी लागायला लागलं? चढताना की उतरताना?"

"उतरताना. पाचव्या इमारतीपासून. तिथल्या पायऱ्या अरुंद आहेत ना, पाय तिरका टाकावा लागतो. आणि मधल्या मजल्यावर दिवा नाही. मी कितीदा सांगितलंय त्यांना..."

त्या बोलत राहिल्या. मी सगळं ऐकलं. मग बूट त्यांच्या पायात घातला, नाडी बांधली, आणि म्हटलं, "आता त्या पाचव्या इमारतीचा जिना मला एकदा उतरून दाखवता का?"

"आता? मॅडम, तुमची एकची गाडी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "चला."